हॅलोविन, पितृपक्ष आणि बोईसरची एक सोसायटी

(पालघर येथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा दोन-तीन जणांनी मला विचारलं, "मॅडम, तुम्ही इतिहास शिकवता, मग हे हॅलोविन कुठून काढलंत?" प्रश्न बरोबर आहे. उत्तर देण्याआधी तुम्हाला दिनदर्शिकेतलं एक पान दाखवते.

२०२४ साली ३१ ऑक्टोबरला नरक चतुर्दशी होती. पहाटे अभ्यंगस्नान, कारीट फोडणं, आणि त्याच दिवशी संध्याकाळी हॅलोविन. १ नोव्हेंबरला आपलं लक्ष्मीपूजन आणि ख्रिस्ती लोकांचा सर्व संतांचा सण. २ नोव्हेंबरला आपला पाडवा आणि त्यांचा मृतांच्या स्मरणाचा दिवस. दोन्ही कॅलेंडरं तीन दिवस अगदी खांद्याला खांदा लावून चालली. आणि त्या तीन दिवसांत आमच्या बोईसरच्या सोसायटीत चांगलंच वाजलं.

त्यात आमचं घर मध्यभागी होतं, म्हणून थोडं घरचं सांगते. माझ्या सासूबाई त्या वर्षीच्या उन्हाळ्यात गेल्या. मूळच्या सातारकडच्या, पण सासऱ्यांची एमआयडीसीत नोकरी लागली तेव्हापासून बोईसरला. घरात गेलेल्या माणसाला वर्ष झालेलं नसलं की सण नसतो, हे तुम्हाला माहीत आहेच. कंदील नाही, फराळाचं तळण नाही. शेजारपाजारचे लोक डबे आणून देतात तेवढंच. मोठ्यांना हे कळतं. माझी मुलगी तेव्हा सात वर्षांची होती आणि मुलगा चार. त्यांचा प्रश्न सरळ होता: "सगळ्यांच्या खिडकीत कंदील आहे, आपल्या का नाही?" मी म्हटलं, "आजी गेली ना." धाकटा म्हणाला, "मग आजीला अंधारात घर कसं सापडणार?"

हा प्रश्न लक्षात ठेवा. आजचं सगळं व्याख्यान त्याच्याभोवतीच आहे.

आता इतिहासाकडे वळू. 'हॅलोविन' या शब्दात भूत नाही. जुन्या इंग्रजीत 'हॅलो' म्हणजे पवित्र व्यक्ती, संत. सर्व संतांच्या सणाची आदली संध्याकाळ, ती हॅलोविन. आपण 'हरतालिका' म्हणताना गणपतीची आदली तिथी डोळ्यांपुढे आणतो, तसंच काहीसं. सर्व हुतात्म्यांचं स्मरण आधी रोममध्ये १३ मे रोजी होत असे. आठव्या शतकात पोप तिसरे ग्रेगरी यांनी १ नोव्हेंबरला त्याला जागा दिली, नवव्या शतकात तो दिवस पश्चिम युरोपभर रुजला. पुढे फ्रान्समधल्या क्लूनी मठाचे प्रमुख ओदिलो यांनी दहाव्या शतकाच्या अखेरीच्या सुमारास आपल्या मठांत २ नोव्हेंबरला सर्व मृतांसाठी प्रार्थना सुरू केली. संत म्हणजे मोठी माणसं, त्यांना एक दिवस. आणि ज्यांचं नाव कुठल्याच पोथीत नाही अशा तुमच्याआमच्या आईबापांना दुसरा दिवस. ओदिलोंचं काम मला फार मोठं वाटतं ते यासाठी.

त्याच सुमारास आयर्लंडमध्ये हिवाळ्याच्या तोंडावर 'साउइन' नावाचा जुना सण होता. कुरणांवरची गुरं खाली गोठ्यात आणायची, वर्ष कूस बदलायचं, आणि त्या रात्री या जगाचं आणि त्या जगाचं दार किलकिलं होतं असं लोक मानत. गुरं, ऋतू आणि पलीकडचं जग एकाच रात्रीत येणं यात आपल्याला परकं काही वाटू नये. आपल्या जिल्ह्यात वारली लोक वाघबारसेला वाघोबाची पूजा करतात, ती कशासाठी? गुरं रानात चरतात, माणसं रानातून जातात, तेव्हा वाघाशी सलोखा हवा. जे भीतीदायक आहे त्याला नाव द्यायचं, शेंदूर लावायचा, नैवेद्य द्यायचा आणि सांगायचं, तू तुझ्या हद्दीत, आम्ही आमच्या. भीतीशी वागण्याची ही माणसाची फार जुनी रीत आहे.

मध्ययुगात इंग्लंडमध्ये गरीब माणसं आणि मुलं या दिवसांत दारोदार जात. घरधनी त्यांना लहान गोड पाव देई, आणि ती त्या घरातल्या मृतांसाठी प्रार्थना करत. म्हणजे बघा, आज मुलं चॉकलेट मागत फिरतात त्याच्या मुळाशी एक सौदा आहे: तुम्ही आम्हाला खाऊ द्या, आम्ही तुमच्या गेलेल्या माणसांची आठवण ठेवतो. पोर्तुगालमध्ये १ नोव्हेंबरला मुलं दारोदार जाऊन देवाच्या नावानं पाव मागतात. 'पाव' हा शब्द आपण त्यांच्याकडूनच घेतला, आणि आज बोईसर स्टेशनबाहेर वडापाव खाताना तो पोर्तुगीज आहे हे आपल्या ध्यानीमनीही नसतं.

पोर्तुगीज म्हटल्यावर आपण घरीच आलो. वसई १५३४ साली त्यांच्या हाती गेली. तारापूर, केळवे-माहीम, डहाणू या किनाऱ्यावर त्यांचे कोट उभे राहिले. जानेवारी १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेत तारापूरचा कोट मराठ्यांनी घेतला, आणि मे महिन्यात वसई. तारापूरच्या त्या लढाईत बाजी भिवराव रेठरेकर पडले. बोईसरहून चिंचणी-तारापूरला आपण रिक्षानं जातो, कोटाच्या भिंती बघतो. आपल्या किती मुलांना हे नाव ठाऊक आहे? मी माझ्या वर्गात विचारलं होतं. एकही हात वर आला नाही. त्याच मुलांना ड्रॅक्युला मात्र माहीत होता.

पोर्तुगीज गेले, पण त्यांच्या काळात ख्रिस्ती झालेली माणसं इथलीच होती, ती इथंच राहिली. वसईतला सामवेदी समाज कादोडी बोलतो, वाडवळ ख्रिस्ती वाडवळी बोलतात. आपल्या जिल्ह्यात, तुमच्याआमच्या भाषेच्या नात्यातली माणसं २ नोव्हेंबरला दफनभूमीत जातात. थडगी आधी धुऊनपुसून ठेवलेली असतात. झेंडूच्या माळा, मेणबत्त्या, धर्मगुरूंची प्रार्थना. सोबत लहान मुलं असतात, आणि त्यांना सांगितलं जातं, "हा तुझा पणजोबा." तेव्हा हॅलोविन ज्या सणाची आदली रात्र आहे, तो सण आपल्या किनाऱ्यावर साडेचारशे वर्षांहून अधिक काळ आहे. तो मॉलमधून आलेला नाही. मॉलमधून आलं ते फक्त प्लास्टिक.

मग मॉलपर्यंत ते पोचलं कसं? १८४५ नंतर आयर्लंडमध्ये बटाट्याच्या पिकावर रोग पडला, भयंकर दुष्काळ पडला, आणि लाखो आयरिश लोक जहाजांनी अमेरिकेला गेले. गावाकडे ते सलगम कोरून त्यात दिवा ठेवत. अमेरिकेत भोपळा मुबलक, मोठा आणि कोरायला सोपा. सलगमाची जागा भोपळ्यानं घेतली. विसाव्या शतकात खाऊ मागण्याची रीत वाढली, दुसऱ्या महायुद्धात साखरेवर नियंत्रण आलं म्हणून थंडावली, युद्धानंतर मिठाईच्या कंपन्यांनी ती उचलून धरली. पुढचं चित्रपटांनी केलं. म्हणजे ज्याला आपण 'अमेरिकन फॅड' म्हणतो, तो मुळात गाव सोडावं लागलेल्या लोकांचा सण आहे. हे वाक्य बोईसरकरांनी नीट ऐकावं. आपणही बहुतेक तेच आहोत.

पण आधी भोपळ्याचं संपवते. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एका काकांनी लिहिलं, "भोपळा कोरणं ही आपली संस्कृती नाही." आता गंमत बघा. कोहळा आपला जुना. नव्या घराच्या दाराला दृष्ट लागू नये म्हणून आपण तो बांधतो, खंडेनवमीला एमआयडीसीतल्या कारखान्यांत तो यंत्रापुढे फोडतात. पण लाल भोपळा, ज्याला कुणी डांगर म्हणतं, तो मूळचा अमेरिका खंडातला. कोलंबसानंतर जहाजांनी जगभर फिरला, मिरची, बटाटा, शेंगदाणा यांच्या सोबतीनं. आणि आज तो कुठे आहे? पितृपक्षाच्या पानावर! अविधवा नवमीला, म्हणजे नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईच्या तिथीला, आम्ही सासूबाईंचं पान ठेवलं. खीर, वडे, आमटी आणि लाल भोपळ्याची भाजी. भोपळा दोन्हीकडे मृतांच्याच पाहुणचाराला आहे. तिकडे दिवा होऊन, इकडे भाजी होऊन.

आता बोईसर. २८ ऑक्टोबर १९६९ रोजी तारापूर अणुवीज केंद्राचे पहिले दोन संच व्यावसायिक वापरासाठी सुरू झाले. देशातलं ते पहिलं अणुवीज केंद्र, आणि त्याची वीज महाराष्ट्र आणि गुजरात दोघांना. मग एमआयडीसी वाढली. सातारा, सांगली, खानदेश, उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा, केरळ अशी माणसं इथे आली. माझ्या सोसायटीत एका जिन्यावर चार भाषा आहेत. पण येणारे होते तसे उठणारेही होते. तिसऱ्या आणि चौथ्या संचाच्या वेळी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावं उठली, त्यांचं पुनर्वसन झालं. गाव उठतं तेव्हा घराचा मोबदला मोजता येतो, झाडांचा मोजता येतो. पण कावळा कुठल्या झाडावर बसायचा, पितरांना हाक कुठून मारायची, याचा रकाना कुठल्याच अर्जात नसतो.

आलेले आणि उठवलेले, दोघांचीही अडचण एकच. मुलांना दाखवायला स्मशान नाही, जुनं घर नाही, देवळाशेजारचा वीरगळ नाही. आम्ही पान ठेवलं ते चौथ्या मजल्याच्या गच्चीवर. सासरे म्हणाले, "हिला साताऱ्याचे कावळे ओळखत होते, हे कसे ओळखतील?" हसू आलं, पण प्रश्न खोटा नव्हता.

अशा गावात मुलांना मृतांबद्दल आपण काय शिकवतो? मी प्रामाणिकपणे सांगते, फक्त भीती. "अंधारात जाऊ नको, भूत आहे." भूत म्हणजे कोण, ते सांगत नाही. आजी देवाघरी गेली म्हणतो आणि विषय बदलतो. मुलाच्या डोक्यात मग दोन वेगळे कप्पे होतात: एका कप्प्यात देवाघरी गेलेली आजी, दुसऱ्यात पलंगाखालचं भूत. दोघांचा काही संबंधच नाही. आपल्या जुन्या रीतींत हे कप्पे वेगळे नव्हते. जो मेला तो भुकेला असेल, म्हणून जेवू घाला. तो वाट चुकेल, म्हणून दिवा लावा. मुलं ते बघत मोठी होत. भीती होती, पण ती ओळखीची होती.

सोंगांचंही तसंच. आपल्याच जिल्ह्यात जव्हार-मोखाड्याला बोहाडा होतो. मोठमोठे मुखवटे, देव आणि राक्षस, मशालींच्या उजेडात रात्रभर सोंगं नाचतात. लहान मुलं आईच्या पदराआड लपून राक्षसाकडे बघतात. मुखवट्यामागे गावातलाच कुणी काका आहे हे त्यांना अर्धं माहीत असतं, अर्धं नसतं. भीतीला चेहरा देऊन, सगळ्यांच्या सोबतीत, आईच्या मांडीवर बसून ती बघायची. हॅलोविनच्या वेषांतराचं काम याहून वेगळं नाही. तेव्हा 'मुलांना भुताचे कपडे घालणं अशुभ' असं कुणी म्हणालं, की मी त्यांना मोखाड्याला यायचं आमंत्रण देते.

पण एका गोष्टीत मी हॅलोविनवाल्यांच्याही बाजूची नाही. माझ्या मुलीला टोकदार टोपीची चेटकीण व्हायचं होतं. मी नाही म्हटलं. युरोपात पंधराव्या ते सतराव्या शतकांत हजारो माणसांना, बहुतेक बायकांना, चेटकीण ठरवून मारलं. आपल्या आदिवासी पट्ट्यातही एकट्या, म्हाताऱ्या बाईला 'भुताळी' ठरवून छळल्याचे प्रकार झाले. २०१३ साली, डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर, आपल्या राज्यात जादूटोणाविरोधी कायदा झाला तो उगीच नाही. चेटकीण ही राक्षसासारखी कल्पनेतली नव्हे. ती कुणाची तरी आजी होती. मी मुलीला एवढंच सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "मग मी हाडाचा सांगाडा होते, तो सगळ्यांच्याच आत असतो." मला ते पटलं.

तर ३१ ऑक्टोबरची संध्याकाळ. ग्रुपवर आठवडाभर भांडण झालेलं. एक पक्ष म्हणत होता, दिवाळीच्या दिवशी भुताखेतांचं नको. दुसरा म्हणत होता, मुलांची हौस आहे, कशाला अडवता. शेवटी तोडगा निघाला: ज्यांना हवं त्यांनी दाराशी पणती लावायची, मुलं पणती असलेल्याच दाराशी जातील. एका अर्थी हा तोडगा ओदिलोंनाही आवडला असता.

आमचा धाकटा तयार होऊन बाहेर आला. त्यानं सासूबाईंची शाल गुंडाळली होती, त्यांचा जुना चष्मा नाकावर, हातात त्यांची काठी. मी विचारलं, "हे काय?" तो म्हणाला, "मी आजीचं भूत."

खरं सांगते, मला राग आला. शाल ओढायला मी पुढे झाले. सासरे खुर्चीत बसले होते. ते म्हणाले, "राहू दे. जाऊ दे त्याला."

पहिल्याच दारात एका गृहस्थांनी मला सुनावलं, "वर्षाच्या आत पोरांना असं फिरवता?" त्यांचं चूक होतं असं मी म्हणणार नाही. त्यांना शिकवलेली रीत ते पाळत होते. मी मुलांना घेऊन परत फिरणार होते, तेवढ्यात समोरच्या काकूंनी दार उघडलं. सासूबाईंची आणि त्यांची रोज संध्याकाळी गच्चीवर बैठक असायची. त्यांनी विचारलं, "कोण आलंय?" हा म्हणाला, "आजी." काकू क्षणभर थांबल्या. मग म्हणाल्या, "या, बसा. दमला असाल." त्याला पाटावर बसवलं, आधी पाणी दिलं, मग चकली. आणि सासूबाईंना गुडघ्याचा कसा त्रास होता, भोंडल्याची खिरापत त्या कशी कुणालाच ओळखू देत नसत, हे त्या त्यालाच सांगत बसल्या. पुढच्या दारी तेच. बिहारच्या वहिनींनी सांगितलं, आजींनी त्यांना पुरणपोळी शिकवली होती. मला हे माहीतच नव्हतं. तळमजल्यावरच्या वॉचमनना त्या रोज चहा पाठवत, हेही त्या रात्री कळलं.

तासाभरानं पिशवीत चॉकलेटं होती, चकल्या होत्या, आणि आमच्याकडे सासूबाईंच्या सात-आठ गोष्टी होत्या ज्या आधी नव्हत्या. मंडळी, इंग्लंडमधला तो जुना सौदा आठवा. खाऊ द्या, आम्ही तुमच्या मृतांची आठवण ठेवतो. इथे लोकांनी खाऊही दिला आणि आठवणही दिली.

घरी आल्यावर त्यानं बेल वाजवली. सासऱ्यांनी दार उघडलं. आमच्या दाराशी त्या वर्षी पणती नव्हती. ते आत गेले, देवघरातलं निरांजन घेऊन आले आणि उंबऱ्याशी ठेवलं. म्हणाले, "आता सापडेल घर."

मी हॅलोविन साजरं करा असं सांगायला आलेले नाही. करू नका असंही नाही. इतिहास शिकवणारी बाई म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे: सण कुठून आला यावर भांडण्यात अर्थ नाही. भोपळा, पाव, बटाटा हे सगळं बाहेरून आलं आणि आपलं झालं. विचारायचं ते हे, की या सणात आपल्या मुलांना आपल्या मेलेल्या माणसांची नावं मिळतात का? पितृपक्षात पान ठेवलं आणि मुलांना 'लांब व्हा, शिवू नका' एवढंच सांगितलं, तर तो सण रिकामा. हॅलोविनला प्लास्टिकची कवटी टांगली आणि एकाही खऱ्या माणसाची आठवण निघाली नाही, तर तोही रिकामा.

आम्ही आता घरात एक वही ठेवली आहे. सर्वपित्रीपासून २ नोव्हेंबरपर्यंत, जेव्हा जमेल तेव्हा, मुलं एखाद्या मोठ्या माणसाला एकच प्रश्न विचारतात: "तुमच्या घरातलं गेलेलं माणूस कसं होतं?" उत्तर मुलगी लिहिते, धाकटा चित्र काढतो. पहिल्या पानावर चष्मा आणि काठी आहे. दुसऱ्या पानावर, माझ्या आग्रहावरून, तारापूरचा कोट आणि बाजी भिवराव. धाकट्यानं त्यांच्या हातात तलवारीबरोबर चकलीही दिली आहे. इतिहासाला धरून नाही, पण मी खोडलं नाही.

यंदा तुमच्या दारात कुठलं पोर भूत होऊन आलं, तर त्याला विचारा, "कुणाचं भूत?" बघा काय उत्तर येतं.